हृदयासाठी अख्खे धान्य: आहारात भर नको, अदलाबदल करा

कोंडा, अंकुर आणि मधला पिठूळ गर हे तिन्ही भाग शाबूत असलेला दाणा म्हणजे अख्खे धान्य. दळले तरी चालते, फक्त चाळून कोंडा टाकलेला नसावा. तंतू, मॅग्नेशियम आणि ब जीवनसत्त्वे मुख्यतः कोंडा आणि अंकुरातच असतात. पॉलिश करताना नेमके तेच निघून जाते.

१. पाकीट उलटून वाचा. घटकांच्या यादीत पहिले नाव अख्ख्या धान्याचे हवे. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे अनेक धान्ये, ती अख्खी असतीलच असे नाही. तपकिरी रंगावरही जाऊ नका, तो कॅरॅमलने आणता येतो. सोपा हिशेब असा: कर्बोदकांच्या आकड्याला तंतूंच्या आकड्याने भागा. उत्तर १० किंवा त्याहून कमी आले तर पाकीट घ्यायला हरकत नाही. मात्र साखर आणि मीठही पाहा. ब्रेडमध्ये मीठ बरेच असते आणि रक्तदाब वाढलेला असेल तर ते महागात पडते.

२. अख्खे धान्य मैद्याच्या जागी ठेवा. सगळ्यात जास्त चूक इथे होते. नेहमीचे जेवण तसेच ठेवून वर वाटीभर ओट्स खाल्ले तर उष्मांक वाढतात, वजनही वाढते. दिवसभरातले निम्मे धान्य तरी अख्खे असावे. सुरुवात न्याहारीपासून करा.

३. ओट्स किंवा जव रोज घ्या. या दोन्हींत बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. आतड्यात त्याचा चिकट लगदा होतो आणि पित्ताम्ले (पित्तातली पाचक द्रव्ये) त्यात अडकून बाहेर पडतात. नवी पित्ताम्ले बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते, म्हणून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरते. त्यासाठी रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. एवढे एकट्या ओट्समधून नको असेल तर थोडे जव घ्या. पर्ल बार्लीचा, म्हणजे पॉलिश केलेल्या जवाचा, कोंडा घासून काढलेला असतो. बीटा-ग्लुकन तिच्यातही मिळते, पण ती अख्खे धान्य नव्हे. ओट्सही साधे घ्या, गोड चवीची पाकिटे नकोत.

४. शिजवताना घाई नको. ब्राउन राइस अर्धा तास भिजवा. एक वाटीला सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटे ठेवा. कोंड्यातून पाणी हळूहळू मुरते. आच मोठी ठेवली तर पाणी आटते आणि दाणा आत कच्चाच राहतो. अख्ख्या जवाला तिप्पट पाणी आणि जवळजवळ तासभर लागतो.

५. प्रमाण दोन-तीन आठवड्यांत वाढवा. एकदम वाढवले तर गॅस होतो, पोट फुगते. पाणी कमी प्यायलात तर बद्धकोष्ठताही होते.

अंकुरातल्या तेलामुळे अख्ख्या धान्याचे पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होते. थोडेच आणा, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. कडवट वास आला तर टाकून द्या.

सीलिअॅक (ग्लुटेन हे धान्यातले प्रथिन न चालणारा आतड्याचा आजार) असलेल्यांनी गहू, जव आणि राय (rye) टाळावे. ओट्स ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलेच घ्यावेत, तेही डॉक्टरांना विचारून. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आकडे सुधारले म्हणून ती स्वतःहून बंद करू नका.