क्रूझवर नोकरीला निघालात? आधी धुराचं बघा

मी क्रूझवर नोकरी केलेली, म्हणून वर्षाला दोन-तीन पोरं तरी माझ्या घरी येऊन बसतात. परभणीचीच असं नाही. सेलू, जिंतूर, गंगाखेड. एक जण तर अंबाजोगाईहून बापाला मोटारसायकलवर मागं बसवून आला होता. हॉटेल मॅनेजमेंट झालेलं असतं, मुंबईच्या एजन्सीत मुलाखत झालेली असते. प्रश्न ठरलेले: पगार हातात किती पडतो, बोट लागते का, बीफला हात लावावा लागतो का. धुराबद्दल मात्र कोणी विचारत नाही. माझ्या तीन कॉन्ट्रॅक्टांत ओळखीची तीन पोरं मधूनच घरी गेली. त्यातली दोन धुरापायी गेली.

मी सिगारेट ओढत नाही, बिडीलाही कधी हात लावला नाही. तरी माझी पहिली लेखी वॉर्निंग धुराचीच आहे.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टचा दुसरा महिना होता. घटस्थापना. निघताना आईनं बॅगेत तुळजाभवानीचा फोटो, कुंकवाची पुडी आणि अगरबत्तीचा पुडा घातला होता. केबिनमेट जावा बेटावरचा, तो ड्युटीवर होता. मी आंघोळ केली, फोटो आरशाजवळ ठेवला, क्रू मेसमधून आणलेल्या केळात एक अगरबत्ती खोचली आणि पेटवली. आरती अर्धी झाली नसेल तोवर फोन वाजला आणि मी फोन उचलेपर्यंत दारावर थाप पडली. बाहेर दोघं जण, एकाच्या हातात फायर एक्स्टिंग्विशर. छतावरच्या डिटेक्टरनं धूर टिपला होता आणि वर ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतल्या, पॅनेलवर माझ्याच केबिनचा नंबर लागला होता. त्यातल्या एकानं काही न बोलता अगरबत्ती नळाखाली धरली. केळ तेवढं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरपुढं उभा. ही कशासाठी, त्यानं विचारलं. मी म्हणालो, देवासाठी. तो म्हणाला, ‘‘गॉड ओके. फायर नॉट ओके.’’ आणि कागदावर सही घेतली. अगरबत्ती, धूप, कापूर, निरांजन, मेणबत्ती, इस्त्री, पाणी तापवायची किटली, घरून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं बंद वस्तूंच्या यादीत होतं. यादी मला पहिल्याच दिवशी दिलेली होती. मी ती घडी करून उशीखाली ठेवली होती, वाचली नव्हती.

तेव्हा राग आला होता. एवढ्याशा उदबत्तीचा एवढा बाऊ! राग उतरला तो विचार केल्यावर. आपल्याकडं कडब्याच्या गंजीला आग लागली तर माणसं आधी बैल सोडतात, मग लेकरं घेऊन रानात पळतात. गंजी जाते, माणसं राहतात. जहाजावर पळायला रान नाही. अग्निशमन दलाची गाडी येणार नाही, कारण ते दल म्हणजे आपणच: वेटर, कुक, केबिन झाडणारा. भोवती समुद्रभर पाणी असलं तरी ते मनसोक्त मारता येत नाही. वरच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, पाणी साचून इकडून तिकडं हलायला लागलं की जहाजाचा तोल जातो. म्हणून तर जॉइन व्हायच्या आधी एसटीसीडब्ल्यूचा, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातला, बेसिक कोर्स करावाच लागतो. त्यात पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून धुरानं भरलेल्या अंधाऱ्या खोलीत रांगायला लावतात. तो दिवस फोटो काढण्यात घालवू नका. हात भिंतीवरून कसा सरकवायचा एवढं नीट शिका.

सिगारेटची भीती जहाजवाल्यांना का, हे समजायला २००६ सालची एक घटना पुरेशी आहे. २३ मार्चच्या पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ हे मोठं जहाज जमैकाकडं चाललं होतं. प्रवासी आणि क्रू मिळून साडेतीन हजारांहून जास्त माणसं. एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटिश तपास यंत्रणेनं नंतर जे सर्वात संभाव्य कारण दिलं ते म्हणजे टाकून दिलेलं सिगारेटचं थोटूक. दोन बाल्कन्यांमधले आडोसे प्लॅस्टिकचे होते, खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या आणि वरून वारा. सहा मिनिटांत आग वरच्या दोन डेकवर गेली. एक प्रवासी दगावला, शेकडो केबिन खराब झाल्या. त्यानंतर ‘सोलास’ या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत बाल्कन्या आल्या: तिथलं फर्निचर कसलं असावं, डिटेक्टर आणि पाण्याचे फवारे कुठं असावेत. त्या दुरुस्त्या जुलै २००८ पासून लागू आहेत. सोलासचा जन्मही टायटॅनिकच्या बुडण्यातून, १९१४ साली झालेला. समुद्रावरचे बरेचसे नियम असे कुणाच्या तरी मरणानंतर लिहिलेले आहेत.

थोटूक समुद्रात फेकलं तर काय बिघडतं, हा प्रश्न नव्या पोरांचा नेहमीचा. फेकलेलं थोटूक समुद्रात जातंच असं नाही. जहाज वीस नॉटनं, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटरनं पुढं जात असतं, त्यामुळं कडेला वारा पुढून मागं वाहतो. वर सातव्या-आठव्या डेकवरून टाकलेलं थोटूक मागच्या खालच्या बाल्कनीत, एखाद्या ओल्या टॉवेलवर नाही तर सुक्या गादीवर जाऊन पडतं. एसटीच्या खिडकीतून थुंकणाऱ्याच्या मागच्या सीटवर बसलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि समुद्रात पडलं तरी तो गुन्हाच. फिल्टरमध्ये कापूस नसतो, एक प्रकारचं प्लॅस्टिक असतं आणि ‘मार्पोल’ या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या करारानुसार प्लॅस्टिकचा कणही समुद्रात टाकायला बंदी आहे.

आता प्रवाशांचं. मी हाउसकीपिंगमध्ये होतो, त्यामुळं हे रोजचं. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी केबिनमध्ये आणि बाल्कनीत सिगारेट बंद केली आहे. उघड्या डेकवर एका बाजूला जागा ठरवलेली असते, कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं. काही जहाजांवर कॅसिनोच्या एका भागात किंवा सिगारच्या खोलीत परवानगी असते. नियम मोडला तर कंपनीनुसार २५० ते ५०० डॉलर सरळ खोलीच्या बिलात चढतात. १९९८ साली आलेलं ‘कार्निव्हल पॅराडाइज’ तर पूर्णपणे धूरबंद होतं. सिगारेटसह सापडलेल्या प्रवाशाला दंड करून पुढच्या बंदरावर उतरवत. काही वर्षांनी कंपनीनंच तो प्रयोग गुंडाळला. ओढणारे फिरकेनात आणि कॅसिनो-बारची कमाई ज्यांच्यावर चालते, त्यात तेच बरेच असतात.

प्रवासी काय काय युक्त्या करतात! दाराच्या फटीला ओला टॉवेल. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून त्या वाफेत ओढणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिटेक्टरवर प्लॅस्टिकची शॉवर कॅप चढवणं. ती टोपी दिसली की हात न लावता सुपरवायझरला फोन करायचा. भिडेखातर स्वतः काढून गप्प बसलात तर उद्या चौकशीत ‘तुला माहीत होतं’ हे निघतं आणि टिप देणारा तो साहेब तेव्हा तुमच्या बाजूनं बोलत नाही. मी एकदा गप्प बसलो होतो. वीस डॉलर मिळाले होते. चार दिवस झोप लागली नाही. पुढच्या वेळी कळवलं आणि टिप बुडाली. वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. ‘‘सर, सिगारेटची जागा अमुक डेकवर आहे, मी दाखवतो,’’ एवढंच म्हणून चालायला लागायचं. निम्मे लोक मागं येतात.

क्रूची जागा वेगळी. उघड्या डेकचा एक कोपरा, कुठं क्रू बारला लागून खोली. प्रवाशांच्या जागेत क्रूनं ओढायची नाही, युनिफॉर्ममध्ये तर नाहीच. बंदरात जहाज तेल भरत असलं की हाही कोपरा बंद होतो; लाल झेंडा चढतो, रात्री लाल दिवा, आणि स्पीकरवर घोषणा होते. त्या वेळी खिशातून लायटर काढणारा माणूस मी पाहिला आहे. त्याला ओरडणारे पाच जण एकदम धावले, त्यात त्याचा जिगरी दोस्त पहिला.

या कोपऱ्याबद्दल एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. जहाजावरच्या निम्म्या बातम्या तिथंच शिजतात. कुणाची बढती होणार, कुणाची ड्युटी कुणाशी बदलून मिळेल, कोणत्या बंदरात वाय-फाय फुकट आहे. शिवाय ओढणाऱ्याला ‘स्मोक ब्रेक’ म्हणून पाच मिनिटं सहज मिळतात. न ओढणाऱ्यानं पाच मिनिटं मागितली तर ‘कशाला?’ विचारतात. क्रूच्या दुकानात सिगारेट करमुक्त, म्हणून स्वस्त. घरची आठवण, रोजचे दहा-अकरा तास, आणि हा कोपरा. अशी किती तरी पोरं तिथं जाऊन ओढायला शिकली. माझा इलाज साधा होता: चहाचा कप घेऊन वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहायचो. बातम्या मिळत होत्या. पाच मिनिटांचं भांडण मात्र मी शेवटपर्यंत जिंकलो नाही.

आता आपल्या भागाचा खास विषय. बापाची चंची, मामाची पुडी, तळहातावर मळलेली तंबाखू. ‘धूर होत नाही, मग काय अडचण?’ अडचण भरपूर आहे. थुंकणार कुठं? बेसिनात तपकिरी डाग पडले की दोन जणांच्या बाथरूममध्ये चोर शोधावा लागत नाही. संडास व्हॅक्यूमचे असतात. पुडीचा कागद टाकला की सगळ्या ओळीतले तुंबतात आणि प्लंबरला कागद सापडतो तेव्हा त्यावर छापलेली अक्षरं देवनागरीत असतात. किचनमध्ये तोंडात तंबाखू ठेवून काम करणं तर सरळ स्वच्छतेच्या नियमाविरुद्ध आहे. अमेरिकेच्या बंदरांत आरोग्य तपासणी होते, शंभरात ८५ किंवा कमी गुण पडले की जहाज नापास. सिगारेट ओढून आल्यावरही हात धुतल्याशिवाय भांड्याला हात लावायचा नसतो. सिंगापूरला खायची तंबाखू आणायलाच बंदी आहे. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर २०१९ पासून भारतातच बंद. गांजाबद्दल एवढंच सांगतो की तपासणी न सांगता होते, आणि बंदरावर कुत्री येतात.

केबिनमध्ये दोघं, वर एक खाली एक, मधे पडदा. खिडकी नाही. तुम्ही बाहेर ओढून आलात तरी शर्टातून वास आत येतो आणि खालच्या माणसाची झोप जाते. त्याची झोप म्हणजे चैन नव्हे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, हा सागरी कामगारांच्या २००६ च्या करारातला नियम आहे, आणि त्या दहांतले सलग सहा तरी असावे लागतात. माझा जावावाला लवंगाची सिगारेट ओढायचा. वास गोड, आपल्याकडच्या धूपासारखा, पण रात्री दोन वाजता गोड वाटत नाही. आठवडाभर मी तोंड फुगवून झोपलो. मग एका रात्री मोडक्या इंग्रजीत बोललो. त्यानं दुसऱ्या दिवसापासून बाहेरचं जाकीट वेगळ्या पिशवीत बांधून दाराशी ठेवायला सुरुवात केली. बदल्यात मी काय करायचं? शेंगदाण्याच्या चटणीचा डबा केबिनमध्ये उघडायचा नाही. लसणाचा वास त्याला सोसत नव्हता. मला वाटलं होतं वास फक्त त्याचाच येतो.

तेव्हा पहिल्या रात्रीच केबिनमेटशी चार गोष्टी ठरवून टाका. अलार्म कुणाचा कधी वाजणार, मोठा दिवा कोण कधी लावणार, ओले मोजे कुठं वाळणार, वासाचं काय. बाथरूमचं दार लावून आंघोळ करा, गरम वाफेनंही कधी कधी डिटेक्टर वाजतो.

गेल्या महिन्यात सेलूचा एक पोरगा आई-बापाबरोबर आला होता. मी हे सगळं सांगत होतो तेव्हा त्याचे वडील दोनदा उठून फाटकाबाहेर जाऊन आले. कशासाठी ते त्यांच्या तळहातावरच्या चुन्यावरून कळलं. आई बराच वेळ गप्प होती. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, ‘‘मग दादा, लेकरानं देवीपुढं दिवा लावायचाच नाही का?’’

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला जाताना मी स्टेशन रोडवरून सेलवर चालणारी प्लॅस्टिकची पणती घेतली होती, चाळीस रुपयांची. सेफ्टी ऑफिसरला आधी दाखवली. त्यानं उलटीपालटी करून बघितली, बटण दाबलं आणि परत दिली. ती पणती अजून माझ्याकडं आहे. आतून आणून त्या माउलीच्या हातात दिली. बटण कुठं आहे ते तिनं दोनदा विचारून घेतलं.