कंपोस्टेबल पिशवी खतात तशीच का राहते? या चुका टाळा

सोसायटीच्या टाकीतून खत उपसलं आणि हिरव्या पिशवीच्या पट्ट्या जशाच्या तशा निघाल्या, की पहिला संशय दुकानदारावर जातो. तो खराही असू शकतो. पण अनेकदा पिशवी अस्सल असते, टाकीच थंड असते.

अशा पिशव्यांत आणि ग्लासांत वापरलं जाणारं, मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पीएलए हे प्लास्टिक साधारण ५५ ते ६० अंशांपर्यंत कडक राहतं आणि तोवर फारच हळू विघटित होतं. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची चाचणीही ५८ अंशांच्या आसपास होते: १२ आठवड्यांनी २ मिमीच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. बाल्कनीतल्या बादलीत एवढी उष्णता टिकतच नाही. त्यासाठी ढीग किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा. एक भाग ओला कचरा, दोन-तीन भाग सुका पाला. मूठभर माल दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ढिगात हवा खेळत नाही आणि वास सुटतो. लांब दांड्याचा थर्मामीटर फूटभर आत खुपसा. पारा उतरू लागला की ढीग पलटा. पिशवीची घडी तशीच टाकू नका. तळहाताएवढे तुकडे करून पसरा. एवढं करून ढीग ५० अंशही गाठत नसेल, तर पिशवी त्यात टाकूच नका.

दुसरी चूक लेबल वाचण्यातली. ‘प्लांट-बेस्ड’ म्हणजे कुजणारं, असं मुळीच नाही. उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिइथिलीन (साध्या पिशव्यांचं प्लास्टिक) आणि पेट्रोलियमचं पॉलिइथिलीन रासायनिकदृष्ट्या एकच. ते खतात कधीच जाणार नाही, साध्या पॉलिइथिलीनबरोबर रिसायकलिंगला द्या. उलट पीबीएटी हे प्लास्टिक बहुधा पेट्रोलियमचं असूनही कंपोस्ट होतं, आणि बऱ्याच ‘कॉर्न बॅग’ त्याच्याच मिश्रणाच्या असतात. म्हणून नुसत्या ‘इको’ शब्दावर किंवा पानाच्या चित्रावर जाऊ नका. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला हवा.

पारदर्शक पीएलए ग्लास रिसायकलिंगच्या ‘पेट’ (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, पीईटी) बाटल्यांत टाकणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, आणि दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे रिसायकलिंग करताना पाण्याच्या टाकीत वेगळे निघत नाहीत. पेट वितळायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पीएलए १५०-१८० लाच वितळतं. पेटचा चुरा वाळवतानाच ते मऊ होऊन गोळे धरतं आणि माल बिघडतो.

त्याच ग्लासात वाफाळता चहा ओतलात तर तो वाकतो. आतून पीएलएचा थर दिलेला कागदी कप चालतो, कारण आकार कागद धरून ठेवतो.

पिशव्यांचा वर्षभराचा साठाही नको. उष्णतेने आणि दमटपणाने त्या ठिसूळ होतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा आणि दोन-तीन महिन्यांपुरत्याच घ्या.