पिन बसली म्हणजे अवजार जुळलं असं नाही: ट्रॅक्टर-अवजार जोडणीतल्या या चुका टाळा

रोटाव्हेटर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ट्रॅक्टर किती एचपीचा (म्हणजे इंजिनाची ताकद किती)?" उत्तर दिलं की पाच फुटी की सहा फुटी ते ठरतं, सौदा होतो, अवजार ट्रॉलीत चढतं. मग ऐन वाफशावर कळतं, की ट्रॅक्टरच्या खालच्या हाताच्या बॉलमध्ये अवजाराची पिन शिरतच नाही, किंवा शिरते ती खुळखुळते. एचपी विचारावाच लागतो, पण तेवढ्यावर जुळणी होत नाही. मागच्या तीन बिंदूंचं माप, लिफ्टची ताकद आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन याबद्दल दुकानात सहसा कुणी विचारत नाही. ते आपणच विचारायचं असतं.

पिनचं माप न घेता खरेदी

थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार अडकवायचे दोन खालचे हात आणि वरची टॉप लिंक, ठराविक कॅटेगरींत बनतं. आपल्याकडे मुख्यतः दोन भेटतात. कॅटेगरी एकमध्ये खालच्या हातांची पिन २२ मिलिमीटर आणि टॉप लिंकची १९ मिलिमीटर असते. कॅटेगरी दोनमध्ये खालची २८ आणि वरची २५. अगदी लहान यंत्रांना कॅटेगरी शून्य, तिथे वरखाली १६ मिलिमीटरच. साधारण ४५ एचपीपर्यंत कॅटेगरी एक आणि ४० च्या पुढे कॅटेगरी दोन, असं मानतात. म्हणजे मधल्या टप्प्यात दोन्ही सापडतात आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. नुसत्या एचपीवरून कॅटेगरी ओळखायला जाऊ नका. अनुदानाच्या यादीतले २० बीएचपीपेक्षा कमी, २० ते ३५ आणि ३५ पेक्षा जास्त हे गट वेगळ्या हिशोबाचे आहेत, त्यांचा पिनच्या मापाशी संबंध नाही.

खरेदीला जाताना खिशात व्हर्निअर कॅलिपर ठेवा. जुनं अवजार घेत असाल तर बॉल घासतो त्या जागी पिन झिजलेली असते, म्हणून न झिजलेल्या टोकाकडे माप घ्या. नाहीतर २८ ची पिन २६ भरते आणि आपण भलतंच काही समजून बसतो.

२२ ची पिन २८ च्या बॉलमध्ये तशीच घालून काम रेटणारे बरेच आहेत. सहा मिलिमीटरचा मोकळेपणा दिसायला किरकोळ वाटतो, पण नांगर दगडाला लागला की सगळा धक्का त्या मोकळ्या जागेतून पिनवर बसतो. आधी बॉल अंडाकृती होतो, मग पिन वाकते, शेवटी अवजाराच्या पट्टीचं भोक फाटतं. त्यासाठी बुश मिळतात, पिनवर चढवायच्या. अवजाराच्या मानाने त्यांची किंमत काहीच नाही, त्या घ्या.

उलटी अडचण जास्त वाईट. अवजार कॅटेगरी दोनचं आणि ट्रॅक्टर एकचा असेल तर पिन तासून बारीक करणं, बॉलचं भोक मोठं करून आणणं हे प्रकार गावोगाव चालतात. पिन तासली की ताकद गेली. आणि मुळात त्या कॅटेगरीचं अवजार वजनाने आणि ओढीने त्या ट्रॅक्टरला झेपणारं असतं का, हा प्रश्न उरतोच.

पिनबरोबर दोन हातांमधलं अंतरही बदलतं. कॅटेगरी एकमध्ये ते ६८३ मिलिमीटर, दोनमध्ये ८२५. रुंद अवजार लहान ट्रॅक्टरला ओढूनताणून लावलं की हात फाकतात आणि वळणावर टायरला आतून घासतात. टायरच्या आतल्या बाजूला गोल चट्टे दिसले, तर आधी हे अंतर तपासा.

लिफ्टचा आकडा वाचला, वजन कुठे लटकतं ते पाहिलं नाही

पत्रकात लिफ्टची ताकद मोठ्या अक्षरांत छापलेली असते. ती बहुधा खालच्या हातांच्या टोकापाशी मोजलेली. अवजाराचं वजन मात्र टोकावर नसतं, त्याच्या मागे असतं. म्हणूनच चाचणीत टोकापासून ६१० मिलिमीटर मागेही ताकद मोजतात आणि तो आकडा कमी भरतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा आणि मागचा आकडा बघा.

लिफ्टने अवजार उचललं म्हणजे झालं, असंही नाही. मागे वजन उचललं की पुढची चाकं हलकी होतात. द्राक्षपट्ट्यातलं उदाहरण घेऊ. मिनी ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर. मागे लिफ्टवर फवारणी यंत्र, पाण्यासह ४०० किलो. त्याचा भार मागच्या आसापासून एक मीटर मागे आणि ट्रॅक्टरच्या दोन आसांमधलं अंतर दीड मीटर. ४०० ला १ ने गुणून १.५ ने भागा, २६७ येतात. एवढं वजन पुढून कमी झालं, उरले ५३ किलो. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे इथे १६० किलो तरी राहायला हवेत. ५३ किलोवर स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही, आणि चढावर पुढची चाकं उचलली जातात. लिफ्टची ताकद ७०० किलो असली तरी हे गणित बदलत नाही. अशा ठिकाणी चाकांवर ओढायचं फवारणी यंत्र घ्यावं, किंवा टाकी लहान ठेवावी. पुढे वजनं लावता येतात, पण कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच.

शंका असेल तर कारखान्याच्या किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावर जा. अवजार उचलून धरा, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा वाचा. काळ्या रानात काम करून आलेल्या अवजाराचं वजन केलंत तर आणखी चांगलं, कारण चिकटलेली माती आपण कधी धरतच नाही.

रोटाव्हेटरची रुंदी

रोटाव्हेटर इंजिनाच्या एचपीवर चालत नाही, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) मिळणाऱ्या ताकदीवर चालतो आणि ती इंजिनापेक्षा १० ते १५ टक्के कमी असते. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला सहा फुटी लावून भारी काळ्या जमिनीत उतरलात तर काळा धूर आणि पडणारे आरपीएम लगेच दिसतील. त्याला पाच फुटी बरा. पण पाच फूट म्हणजे १५२ सेंटिमीटर, आणि या ट्रॅक्टरचे मागचे टायर बाहेरून बाहेर बहुधा त्याहून रुंद भरतात. रोटाव्हेटर मधोमध लावला तर दोन्ही बाजूंना चाकाची दाबलेली पट्टी राहते आणि पेरणीनंतर तिथली उगवण मागे पडते. जोडणीची पट्टी सरकवून अवजार एका बाजूला घ्या. एका चाकाची खूण तरी पुसली जाते, दुसरी पुढच्या फेरीत येते.

लिव्हर, टॉप लिंक, साखळ्या

नांगराला ड्राफ्ट कंट्रोल, रोटाव्हेटरला पोझिशन कंट्रोल, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवर धरणारा. ड्राफ्टचा लिव्हर जमिनीच्या ओढीप्रमाणे अवजार वरखाली करतो, त्यामुळे तो रोटाव्हेटरला लावला की खोली एकसारखी राहत नाही. नांगर जमिनीत शिरत नसेल तर वर दगड ठेवण्याआधी टॉप लिंक थोडी आखूड करून बघा. नांगराचं टोक खाली वळतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. खालच्या हातांना आजूबाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या नांगरटीला किंचित सैल, रोटाव्हेटरला आणि रस्त्यावर घट्ट. लॉक पिनच्या जागी खिळा किंवा तार घालू नका, रस्त्यात ती निघाली तर अवजार एका हातावर लटकतं.

पीटीओ शाफ्ट

नवं अवजार आलं की पीटीओ आणि अवजार जोडणाऱ्या शाफ्टची लांबी तपासायलाच हवी. लिफ्ट सावकाश पूर्ण वरखाली करा. शाफ्ट सर्वांत आखूड होतो तिथे दोन्ही नळ्यांना सरकायला थोडी जागा उरली पाहिजे, नाहीतर तो गिअरबॉक्सला धडक देतो. सर्वांत लांब होतो तिथे नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असल्या पाहिजेत. पीटीओ बंद ठेवून लिफ्ट त्या जागी न्यायची, मग इंजिन बंद करून शाफ्ट हाताने फिरवून बघायचं. बांधावर वळताना फिरता रोटाव्हेटर उंच उचलण्याची सवय शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस लवकर खाते, आधी पीटीओ बंद करा.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर ग्रीस मारायला अडचण होते म्हणून काढून टाकतात. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरणं, ओढणी, पदर अडकला तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. कव्हर फुटलं असेल तर नवं बसवल्याशिवाय शाफ्ट चालवू नका.

टॉप लिंकच्या जागी दोर बांधणं

रुतलेली उसाची ट्रॉली काढताना किंवा झाडाचं खोड ओढताना काही जण साखळी टॉप लिंकच्या ब्रॅकेटला अडकवतात, कारण तिथे हात लवकर पोहोचतो. ती जागा मागच्या आसाच्या वर आहे. ओढ तिथून बसली की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरतो आणि पुढून उभा राहतो. क्लच दाबायला वेळ मिळत नाही. ओढायचं ते फक्त ड्रॉबारला किंवा ट्रॉलीच्या हुकाला, आसाच्या खालून.