रोजची चूल सप्ताहासारखी चालवू नका : मोफत जेवणघर चालवताना या चुका टाळा

हजार माणसांचा स्वयंपाक म्हटला की मराठवाड्यात कुणी घाबरत नाही. गोदाकाठच्या सराला बेटाच्या हरिनाम सप्ताहाला गावोगावच्या भाकरी येतात, आमटी जागेवर शिजते आणि पंगतीमागून पंगत उठते. काल्याच्या दिवशी थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं, कारण दुसऱ्या दिवशी मांडव सुटतो. गल्लीतल्या साठ-सत्तर गरजू माणसांसाठी रोज पेटणाऱ्या चुलीला ही सवलत नसते. तरी आपण तीही सप्ताहासारखीच चालवायला जातो, आणि दोन-तीन महिन्यांत कुरबुरी सुरू होतात. बहुतेक चुका तिथूनच निघतात.

सगळ्यांनी सगळं करायचं

पहिल्या आठवड्यात चाळीस जण येतात, सगळेच भाजी चिरतात, सगळेच वाढतात. भांडी घासायला मात्र दोनच काकू उरतात, आणि पुढे त्या आजारी पडल्या की चूल बंद. रोजच्या चुलीचा धडा नांदेडला बघा. तख्त सचखंड श्री हजूर साहिबचा लंगर सेवेवर चालतो. पोळ्या लाटायला एक जथ्था, वाढायला दुसरा, भांड्यांना तिसरा, आणि भांडी घासणं तिथे खालचं काम समजत नाहीत. आपल्याकडेही वारांप्रमाणे पाळ्या लावा, भांड्यांची पाळी आधी भरा आणि मग बाकीच्या. किल्ली दोघांकडे असू द्या.

गावातल्या जेवणघराची अडचण निराळी. बीडच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. मागे राहतात म्हातारे, आणि काही ठिकाणी नातवंडं. म्हणजे जेवणारे वाढतात तेव्हाच हात कमी होतात. पावसाळ्यात मदतीला येणाऱ्या बाया-माणसांवर पाळीपत्रक बेतलं असेल तर ते दिवाळीनंतर कोसळणारच. हिवाळ्याची पाळी शिक्षक, आशाताई, निवृत्त माणसं यांच्याशी भाद्रपदातच बोलून ठेवा.

भात सकाळी नऊला, पंगत दुपारी दोनला

ही सर्वांत धोक्याची चूक. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतलाच पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे झाकून ठेवलेलं पातेलं जंतूंना हवं तसं ऊबदार राहतं. भाताचं आणखी वेगळं आहे. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून ‘दणकून गरम करून देऊ’ हा उपाय भाताला लागू नाही.

करायचं काय? वरण, भाजी आधी करा आणि वाफाळती ठेवा, भात शेवटी टाका, वाढायच्या अर्धा-पाऊण तास आधी. एका मोठ्या पातेल्यापेक्षा दोन वेळा शिजवलेली दोन मध्यम पातेली बरी. उरलेली खिचडी संध्याकाळी द्यायचीच असेल तर पंगत उठायची वाट न बघता परातींत पातळ पसरून गार करा आणि लगेच फ्रीजमध्ये टाका. फ्रीज नसेल तर उरू देऊ नका. जुन्यात नवं मिसळणं तर मुळीच नको. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून २४ तास थंड जागी ठेवा. कुणाला उलट्या झाल्याच, तर डॉक्टरांना दाखवायला हाताशी काही असतं.

लग्नसराईत रात्री अकराला फोन येतो, ‘दोनशे माणसांचं उरलंय, घेऊन जा.’ नको म्हणायची भीड पडते. तरी आधी विचारा, कधी शिजलं आणि कुठे ठेवलं होतं? उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे २०१९ चे नियम आहेत. पण नियम वाचलेले असोत-नसोत, पनीर, बासुंदी, मसालेभात रात्री घेऊन सकाळी वाटू नका. बुंदी, शेव, चिवडा खुशाल घ्या.

एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या भागात पुन्हा पुन्हा येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते. सुटी भगर आणि तयार पीठ टाळा, तारीख बघून बंद पाकीट घ्या. उपवासाचं देणं जमत नसेल तर केळी आणि शेंगदाणे पुरतात.

ताट सगळ्यांना सारखं

समान वागणूक म्हणून सगळ्यांना एकच पळी वाढली जाते. ऐंशीच्या आजीला १०० ग्रॅम तांदळाची खिचडी जास्त होते. रोलिंग मिलमध्ये बारा तास काढून आलेल्या पोराची ती अर्धी भूकही भागवत नाही. मग आजीचं टाकलं जातं आणि पोरगा अर्धपोटी उठतो. वाढणाऱ्याने विचारून वाढावं, दुसऱ्यांदा फिरून यावं. दात नसलेल्यांना गार कडक भाकरी दिली तर ती पिशवीत जाते, पोटात नाही. आमटीत कुस्करून काला करून द्या, तिखट वेगळं ठेवा. बिहार-झारखंडकडच्या माणसांना भात लागतो, ज्वारीच्या भाकरीची त्यांना सवय नसते आणि येसूर घातलेली झणझणीत आमटी पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे ठेवायची काहीच गरज नाही. साधं वरण, बटाट्याची भाजी सगळ्यांना चालते.

नवा माणूस आपण होऊन येईल ही आशा

८ मे २०२० च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसं गावाकडे पायी निघाली होती. ती आपल्या शेजारी राहतात हे किती जणांना आधी ठाऊक होतं? असे कामगार बहुधा कारखान्याच्या आवारात किंवा एका खोलीत सात-आठ जण राहतात, गल्लीत फारसे दिसत नाहीत. वाळूज, शेंद्रा, जालना, सगळीकडे हेच. जेवणघराचा बोर्ड मराठीत आणि मंदिराच्या आत लावून ते येणार नाहीत. हिंदीत चार ओळी लिहून किराणा दुकान, चहाची टपरी, स्टेशन आणि मुकादमाची खोली इथे लावा. छठ आणि होळीनंतर नवे लोंढे येतात, त्या पंधरवड्यांत तांदूळ जास्त भरा.

आल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंतचे दिवस सगळ्यांत कठीण. तेवढे दिवस ताट द्यावं. पण महिने उलटले तरी ताटच देत राहणं मला पटत नाही. धडधाकट माणसाला स्वतःच्या हातचं, स्वतःच्या चवीचं खायचं असतं. त्याला चूल उभी करून द्या. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे बिहारच्या कार्डावरचं धान्य आधार आणि अंगठा लावून इथल्या रेशन दुकानात उचलता येतं. काही वाटा इथे आणि उरलेला गावाकडच्या घरच्यांनी तिथे, असंही चालतं. अडलं तर १४४४५ हा टोल फ्री क्रमांक आहे. झिजलेल्या बोटांचा ठसा जुळत नाही ही नेहमीची रड, हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावायला सांगा. पहिल्या खेपेला तुमच्यातला एक मराठी बोलणारा सोबत गेला की दुकानदाराचा सूर बदलतो. बरोबर लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर जवळच्या अंगणवाडीत नाव घाला.

येईल ते दान घ्यायचं

श्रावणात आणि पितृपक्षात तांदळाच्या पोत्यांची थप्पी लागते, वाढदिवसाला जिलबी येते, आणि मे महिन्यात तेलाचा डबा संपलेला असतो. दारावर फळा लावा, ‘या आठवड्यात हवं : तेल, मीठ, हळद, गॅस.’ शेतकऱ्याकडे पैसे मागू नका, राशीच्या वेळी पायलीभर तूर मागा, तो हसत देतो. ती मात्र नीट वाळवूनच कोठीत घाला. जमाखर्च भिंतीवर लावला की अर्धी कुजबुज थांबते.

जेवणाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, देणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी. पातेल्याचा टाका.

पाण्याबद्दल थोडक्यात. छत्रपती संभाजीनगरात नळ कितीतरी दिवसांआड येतो, म्हणून ड्रम भरलेले असतात. पिण्याचा ड्रम वेगळा, झाकणाचा आणि तोटीचा हवा, त्यात कुणी तांब्या बुडवायचा नाही.

चूल कधीतरी बंद ठेवावीच लागते, सण असतो, मयत असते. त्या दिवशी लोक दाराशी येऊन परत जातात ही चूक फार ठिकाणी होते. दोन दिवस आधी पंगतीत सांगा, मराठीत आणि हिंदीत. जवळचं शिवभोजन केंद्र सुरू असेल तर त्याचा पत्ता आणि वेळ फळ्यावर लिहा, आणि ज्या म्हाताऱ्यांना तिथवर चालवत नाही त्यांच्या घरी आदल्या संध्याकाळीच पोळ्या, चटणी आणि गूळ पोचवा.