श्रीलंकेत पाऊस चुकवायचाय? या चुका टाळा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आम्ही सातजण पश्चिम किनाऱ्यावरच्या बेंटोट्याच्या हॉटेलात, समोर समुद्र आणि वाळूत रोवलेला, पाण्यात उतरू नका असं बजावणारा लाल बावटा. चार दिवसांत तो एकदाही खाली आला नाही. आत्याने धुतलेले पंचे खोलीतल्या पंख्याखाली दोरीवर टांगले होते, ते निघायच्या दिवशीही दमटच. पिशवीत कोंबताना ऐन श्रावणात येतो तसा कुबट वास येत होता. शेवटच्या संध्याकाळी चहा ठेवता ठेवता हॉटेलातला पोरगा सहज म्हणाला, "पूर्वेकडे गेला असतात तर कडक ऊन होतं." सहल आखून देणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, हेही खरं.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो आणि नात्यातल्या चार-पाच सहली आखून दिल्या. चुका साधारण त्याच त्याच होतात.

एकच पावसाळा धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक. आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत, आणि तो सगळ्या मुलखाला एकच. श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, तेव्हा कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिस्सा आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून, तेव्हा पाळी त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि जाफन्याची. मधे डोंगर आडवे. महाबळेश्वर धुक्यात बुडालेलं असताना माणदेशातला शेतकरी आभाळाकडे बघत बसतो ना, तोच प्रकार. पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वायव्येला मन्नारकडे 1000सुद्धा होत नाही. नैर्ऋत्येचा वारा पाणी पश्चिमेला टाकून पूर्वेकडे उतरतो तेव्हा कोरडा आणि तापलेला असतो. तिकडे त्याला 'कच्चान' म्हणतात.

तिथल्या शेतीचे हंगामही दोन, यल आणि महा; आपल्या खरीप-रब्बीसारखे. (बिबट्यांचं 'याला' अभयारण्य वेगळं. नावांत आमचाही गोंधळ झाला होता.)

म्हणून तारीख हलवता येत नसेल तर किनारा हलवा. मे-जूनमध्येच जायचं असेल तर बेंटोट्याऐवजी त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा घ्या आणि त्याला सिगिरियाचा कातळकिल्ला आणि पोलोन्नरुवा, अनुराधापूर या जुन्या राजधान्या जोडा. ऊन नागपूरची आठवण करून देईल, पण समुद्र शांत असतो आणि त्रिंकोमालीतलं कोणेश्वराचं देऊळ कड्यावर आहे, तिथे संध्याकाळी वारा सुटतो. नाताळच्या सुट्टीत याच्या उलट : गॉल, उनावटुना, मिरिस्सा. विमानतळ कोलंबोजवळ आहे म्हणून सगळे पश्चिम किनारा धरतात. त्रिंकोमाली तिथून सहा तासांवर आहे, वाटेत सिगिरियाला मुक्काम केला की अंगावर येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीवर भरवसा

आपल्याकडे परतीचा पाऊस ओसरला की आपण मोकळे. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला काळ, आणि कोरडी अशी बाजूच नसते. दुपारच्या गडगडाटी सरी सगळीकडे, वर बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं. 2025च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळ आलं तेव्हा दरडी आणि पुरांत 600हून जास्त माणसं गेली आणि डोंगरातला रेल्वेमार्ग जागोजागी उखडला. दरवर्षी असं होत नाही. पण दिवाळीलाच जायचं असेल तर कँडी-एलाच्या डोंगरात पाच रात्री घालू नका, दोन पुरेत. खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आणि निघण्याच्या आठवड्यात भारतीय हवामान खात्याची बंगालच्या उपसागराबद्दलची पत्रकं बघा. तिथलं वादळ त्यांच्याही नजरेत असतं.

माझं मत विचाराल तर दिवाळीत दुसरीकडे जा आणि श्रीलंका जानेवारीच्या उत्तरार्धासाठी ठेवा. शाळा आडवी येते, मान्य.

अ‍ॅपवरच्या ढगाला घाबरणं

मार्च-एप्रिलमध्ये फोनवर सलग दहा दिवस वीज चमकणारा ढग दिसतो आणि घरात चर्चा सुरू होते, "रद्दच करूया." हा वळीव आहे. सकाळ लख्ख, अकरापर्यंत घाम, दोन-तीनच्या सुमारास काळोखून येतं, तासभर बदाबदा कोसळतं आणि संध्याकाळी माती वाळायला लागते. अ‍ॅपला दिवसाचं एकच चित्र दाखवायचं असतं, ते सगळ्यात वाईट तासाचं दाखवतं. तासातासाचा अंदाज उघडा. सिगिरियाच्या सुमारे 1200 पायऱ्या दार उघडताच चढायला घ्या, जेवणाआधी खाली या, दुपार संग्रहालयाला किंवा झोपेला. विजा चमकत असताना त्या उघड्या कातळावर थांबायचं नाही.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य तिथे थेट डोक्यावर असतो. पुण्यात मे महिन्यात येणारा शून्य सावलीचा दिवस तिथे तेव्हाच येऊन जातो. छत्री पावसासाठी नाही, उन्हासाठी घ्या.

मात्र ही वेळापत्रकाची युक्ती जून-जुलैमध्ये डोंगरातल्या नुवारा एलियाला चालवू नका. तिथे तेव्हा झड लागते, आणि झडीला सकाळ-दुपार कळत नाही.

'विषुववृत्ताजवळ म्हणजे गरमच' हा समज

नुवारा एलिया 1868 मीटरवर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पारा 10 अंशांखाली उतरतो, कधी गवतावर दहिवर गोठतं. कोलंबोहून हाफ पँटवर आलेली पोरं तिथे हॉटेलची चादर पांघरून फिरताना मी पाहिली आहेत. त्यांतली दोन आमचीच. एक स्वेटर आणि कानटोपी प्रत्येकी, बस. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावरचा 'वर्ल्ड्स एंड' कडा बघायचा तर पहाटे निघा. नऊ-दहानंतर धुकं वर येतं आणि पुढे नुसता पांढरा पडदा.

ठिकाण पाहिलं, हंगाम नाही

श्रीपाद या तीर्थाच्या डोंगराची चढाई डिसेंबरच्या पौर्णिमेपासून, म्हणजे साधारण आपल्या दत्तजयंतीपासून, बुद्धपौर्णिमेपर्यंत. एरवी पायऱ्यांवर दिवे नसतात, चहाच्या टपऱ्या बंद. देवमासे मिरिस्साला डिसेंबर ते एप्रिल, नंतर त्रिंकोमालीकडे. मिन्नेरियाच्या तळ्याचं पाणी ओसरून जुलै ते सप्टेंबरमध्ये गवत उगवतं, तेव्हा शेकडो हत्ती जमतात. तळं भरलेलं असेल तर ते शेजारच्या कौडुल्लाला सरकतात, म्हणून त्या दिवशी सकाळी हॉटेलात विचारूनच जीप ठरवा. कँडीची पेराहेरा, म्हणजे सणाची मिरवणूक, राखीपौर्णिमेच्या सुमारास संपते, खोल्या फार आधी भरतात. 13-14 एप्रिलला तिथलं नववर्ष, निम्मी दुकानं बंद.

आणि तरीही पावसात सापडलात तर

आधी बघा, पाऊस सरींचा आहे की झडीचा. सरी असतील तर फक्त दिवसाचा क्रम उलटा करा. झड असेल तर डोंगरातला मुक्काम मोडा आणि कोरड्या पट्ट्याकडे उतरा. नैर्ऋत्येच्या मोसमात कँडीहून दांबुल्ला दोन-अडीच तास, आणि तेवढ्यात आभाळ बदललेलं असतं. पैसे गेले म्हणून रडत त्याच खोलीत बसणं, हे आम्ही बेंटोट्यात केलं.

डोंगरात असाल तर दरडींचा इशारा तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था जिल्ह्या-तालुक्यानुसार देते. पिवळा म्हणजे सावध राहा, अंबर म्हणजे हलायच्या तयारीत राहा, लाल म्हणजे जागा सोडा. अंबर दिसला की घाटातला रात्रीचा प्रवास नको. रेल्वे बंद झाली तर "थोडं थांबून बघू" म्हणू नका, त्याच दुपारी गाडी ठरवा. संध्याकाळी सगळेच शोधत असतात. चालकाला विचारा, तो कुठल्या वळणावर पाणी येतं ते सांगेल, आणि तो नको म्हणाला तर घासाघीस करू नका.

लाल बावटा असताना गुडघाभर पाण्यातही उतरू नका. वरून लाट साधी दिसते, खालून ओढ असते. सिंहराजाच्या जंगलात जळवा असतातच : पायमोजे पँटवर ओढून घ्या, मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, आणि चिकटलेली जळू उपटू नका, मीठ लावलं की सुटते. पंचे मात्र पातळ सुती न्या, जाड टर्किश टॉवेल नको. ते तिथे ऊन असलं तरी वाळत नाहीत.