नाव काठाला लावताना या चुका टाळा : नाथसागर ते नांदेड

मराठवाड्याला समुद्र नाही, पण पाण्यावर पोट असलेली माणसं इथेही कमी नाहीत. नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर), माजलगावला, येलदरीला, विष्णुपुरीच्या फुगवट्यात पहाटे होड्या पाण्यात उतरतात. भोई-कहारांची जाळी, पलीकडच्या शेतावर जाणारे मजूर, पाण्याची मोटार बघायला निघालेला शेतकरी, सणावाराला घाटावर फेरी मारणारे भाविक, सगळे त्यात आले. पोहायला येतं का, लाइफ जॅकेट आहे का, एवढीच चौकशी नावेत बसताना होते. ती व्हायलाच हवी. पण नाव सर्वांत डळमळते ती काठाशी, शेवटच्या दहा-पंधरा फुटांत. तिथेच सगळे एकदम उभे राहतात, तिथेच दगड असतात, तिथेच दोरात हात अडकतो. नाव लावणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते आपल्याकडे कोणी मुद्दाम शिकवत नाही.

काठ कालच्याच जागी आहे असं धरून चालणं

ही मूळ चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच येतात.

समुद्राच्या बंदरात भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. आपल्या धरणांत पाणी चढतं-उतरतं ते पावसावर, वरच्या धरणांतून येणाऱ्या पाण्यावर आणि कालव्याच्या आवर्तनावर. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट. तिथपासून मृतसाठ्यापर्यंत, म्हणजे कालव्यात सोडता न येणाऱ्या तळच्या साठ्यापर्यंत, पाणी पंचवीस फुटांहून जास्त खाली जातं, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तर ते मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं. धरण उथळ आणि पसरट आहे, भरलं की सुमारे ३५० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली जाते. शंभर फुटांना एक फूट उतार असलेल्या रानात पाणी फूटभर उतरलं की काठ शंभर फूट मागे सरकतो. दिवाळीला जिथे नाव बांधली होती तिथे होळीला गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेलं पीक, उभी असते.

त्यामुळे उतरायची जागा दर थोड्या दिवसांनी नव्याने शोधावी लागते. पाणी उतरतं तशा जुन्या गावांच्या भिंती, बाभळीचे बुंधे, बांधाचे दगड पृष्ठभागाच्या जवळ येतात. आणि विहिरी. बुडीत रानातल्या जुन्या विहिरी हा काठावरचा सर्वांत वाईट धोका आहे, कारण गुडघाभर पाण्यातून चालत असताना पुढचं पाऊल थेट विहिरीत पडू शकतं. नव्या जागी नाव नेण्याआधी गावातल्या वडीलधाऱ्याला विचारा, “मामा, इथं कुणाची विहीर होती का?” त्यांना गट-शिवार तोंडपाठ असतं. मग नाव लांबच थांबवून बांबूने तळ चाचपत आत या. धोक्याच्या जागी रिकामा प्लॅस्टिकचा कॅन दोराला दगड बांधून सोडा, म्हणजे तो जागेवर तरंगत राहील. पाणी खाली गेलं तर दोर आखडून घ्या, नाहीतर कॅन भलतीकडे फिरतो.

गाळाचंही तसंच. वरून कोरडा दिसणारा गाळ मांडीपर्यंत आत घेतो. उतरायच्या पट्ट्यावर तुराट्यांचे भारे किंवा जुन्या फळ्या आडव्या टाका. दर पंधरवड्याला त्या पुढे सरकवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण लेकरं आणि म्हातारी माणसं त्याच वाटेने चालतात.

नदीवर उलटं होतं, तिथे पाणी अचानक चढतं. जायकवाडीचे २७ दरवाजे उघडले की पैठणपासून खाली गोदावरीचं रूप काही तासांत पालटतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी पैठण शहरात शिरलं होतं. नांदेडला विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की घाटांवर हेच. विसर्गाची सूचना आली की नाव आधी वर ओढून ठेवा. भोंगा वाजल्यावर दोर सोडवायला घाटाच्या खालच्या पायरीवर जाऊ नका.

वारा पाठीशी घेऊन काठाला येणं

पाठीमागून वारा असला की नाव सोपी चालते, आणि म्हणूनच काठाशी येईपर्यंत ती हाताबाहेर जाते. नावेला ब्रेक नसतो. साधा नियम असा की वारा आणि प्रवाह यांतला जो जोरदार असेल त्याच्याकडे नावेचं तोंड करून यावं. मग तोच तुम्हाला हळू करतो. गोदावरीच्या वाहत्या पाण्यात तोंड वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध. नाथसागराच्या मोकळ्या पाण्यात बहुतेक वेळा वाऱ्याकडे.

कोणाचा जोर जास्त हे डोळ्यांनी ठरवू नका. काठापासून तीस-चाळीस फुटांवर मशीन (नावेचं इंजिन) न्यूट्रल करा, वल्ही थांबवा आणि नाव कुठे सरकते ते पाहा. तेवढ्यात सगळं कळतं.

वारा काठाकडे ढकलत असेल तर नाव काठाला समांतर करून थोडी बाहेरच थांबवा आणि वाऱ्याला ती हळूहळू आत आणू द्या. लाटा मोठ्या असतील तर बाहेरच नांगर टाकून, त्याचा दोर थोडा थोडा सोडत मागे या. परत निघताना तोच दोर ओढून बाहेर पडता येतं. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट तरी सोडावा, आखूड दोरावर नांगर तळ धरत नाही. वारा काठावरून पाण्याकडे येत असेल तर जरा तिरकं आणि ठाम या, आणि पुढचा दोर आधी काठावर द्या. नाहीतर मागचा दोर बांधेपर्यंत पुढचं टोक फिरून जातं.

नाथसागरापुरतं एक ध्यानात ठेवा. पाणी पैठणपासून कायगाव टोक्याच्या दिशेने लांब पसरलेलं आहे. पावसाळी पश्चिमेचा वारा त्या सगळ्या मोकळ्या पाण्यावरून येतो आणि पैठणच्या बाजूला पोचेपर्यंत लाट चांगलीच उंच होते. तेव्हा त्या बाजूच्या दगडी पिचिंगला (काठावर रचलेल्या दगडी अस्तराला) नाव लावायचा मोह नको. मे महिन्यात सकाळचं पाणी काचेसारखं शांत असतं आणि दुपारनंतर वळिवाचा वारा उठतो, म्हणून परतीची वेळ दुपारच्या आधीची ठेवा.

वेग आणि हात

वेग दुप्पट झाला की धडक चौपट जोराची बसते. आठ-दहा माणसं बसलेली पत्र्याची किंवा फायबरची नाव टनभर वजनाची होते, आणि ती चालण्याच्या वेगाने आली तरी हातापायाने थांबत नाही. नाव आणि घाट यांच्यामध्ये हात किंवा पाय घालून नाव थोपवणं ही सवय पार मोडायला हवी. बोटं चिरडतात ती अशीच.

थोपवायला टायर आहेत. मोटारसायकलचे, ट्रॅक्टरचे जुने टायर जेटीला किंवा घाटाच्या कडेला टांगा, पण दोन गोष्टी बघून. टायर पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आला पाहिजे. उंच टांगला तर लाटेबरोबर वर येणारी नावेची कड त्याच्याखाली अडकते आणि नाव कलते. आणि टायरला खालच्या बाजूला भोक पाडा. त्यात पाणी साचलं तर गावात डेंग्यूचे डास तिथूनच निघतील.

मशीनवाल्यांसाठी: मशीनची लाल किल कॉर्ड मनगटाला किंवा जॅकेटला लावलेलीच हवी. धक्का बसून चालवणारा पाण्यात पडला तर ती निघते आणि पंखा थांबतो. कोणी पाण्यात उतरत असेल तर आधी मशीन पूर्ण बंद करा. न्यूट्रलवर भरवसा ठेवू नका. उथळात यायच्या आधी मशीन वर उचला आणि वल्ह्याने या. नांदेडकडे जलपर्णी पंख्यात गुंडाळते, ती काढतानाही मशीन बंदच हवं.

गुरं बांधतात तशी नाव बांधणं

खुंट्याला दावं बांधायची आपली जी गाठ आहे ती बैलाला पुरते, कारण बैल दोर ओढून धरतो. नाव दोर कधी ताणते, कधी ढिला सोडते. दिवसभराच्या अशा हिसक्यांनी ती गाठ सैल होत जाते आणि रात्रीत नाव सुटते.

त्यासाठी अशी गाठ घाला. दोराचं मोकळं टोक खुंट्याभोवती दोन पूर्ण वेढे घ्या. या वेढ्यांवरच खरा ताण राहतो. मग तेच टोक ताणलेल्या दोरावरून नेऊन, खालून घेऊन, झालेल्या फटीतून काढा आणि आवळा. हा अर्धा फास झाला. त्याच दिशेने आणखी एक घाला आणि दोन्ही एकमेकांना भिडवा. शेवटी वीतभर टोक मोकळं राहू द्या. ही गाठ हिसक्याने सुटत नाही आणि दोर ताणलेला असतानाही सोडवता येते. दोन वेढ्यांचा दुसरा फायदा असा की नाव ओढत असताना काठावरचा एकटा माणूस वेढ्यांच्या घर्षणावर ती थोपवू शकतो. दोर हाताला गुंडाळून उभा राहणारा मात्र नावेबरोबर पाण्यात ओढला जातो. हे पोरांना आवर्जून सांगा.

दोर किती लांब? पाणी जेवढं वर-खाली होईल असं वाटतं त्याच्या तिप्पट तरी. आखूड दोरावर बांधलेली नाव पाणी उतरल्यावर लटकते आणि पाणी चढल्यावर तोंड खाली खेचली जाऊन बुडते. नायलॉनचा दोर ताण सोसतो, थोडा लांबतो आणि हिसका जिरवतो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो हे बरं, पण आपल्या उन्हात तो लवकर कुजतो. हातात चोळून पाहा, भुसा पडायला लागला की बदला. दगडावर जिथे घासतो तिथे मोटारीच्या जुन्या रबरी पाइपचा तुकडा ओवून ठेवा.

एक दोर कधीच पुरत नाही. पुढून एक, मागून एक हवाच. जेटी असेल तर तिसराही घ्या, नावेच्या पुढच्या भागापासून मागच्या दिशेला जेटीवरच्या खुंट्यापर्यंत जाणारा. तो बांधून मशीन अगदी हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवलं आणि मशीनचं हँडल जेटीच्या बाजूला ढकललं की नावेची मागची बाजू आपसूक जेटीला चिकटते. माणसं उतरेपर्यंत ती हलत नाही. एकट्या नावाड्याला याचा फार आधार होतो.

सगळ्यांनी एकदम उठणं

काठ दिसला की पिशव्या उचलून सगळे उभे राहतात, आणि उतरायच्या बाजूलाच झुकतात. नाव उलटायला एवढं पुरतं. नावाड्याने निघण्याआधीच सांगावं, “मी म्हणेपर्यंत कुणी बुड उचलायचं नाही.” आणि भीड न धरता ते पाळून घ्यावं, समोर सरपंच बसलेले असले तरी.

दोन्ही दोर बांधून झाल्यावर, एका वेळी एकच माणूस, नावेच्या मधोमध वाकून, पुढे येत उतरेल. एक पाय नावेत आणि एक घाटावर असं थांबायचं नाही. पाय टाकल्याच्या रेट्याने नाव मागे सरते. सामान आधी काठावर द्यावं, माणूस नंतर, दोन्ही हात मोकळे ठेवून. पुढची माणसं उतरली की पुढचं टोक हलकं होऊन वर उठतं, म्हणून काठावरच्या एकाने नाव धरून ठेवावी. लाइफ जॅकेट काठावर पाय टेकल्यावरच काढायचं. बहुतेक जण काठ दिसताच बंद सोडतात.

मोटारींच्या जागी लावणं

फुगवट्याच्या काठाने जागोजाग पंप बसवलेले असतात. पाणी मागे गेलं की केबलला जोड देत देत मोटार पुढे सरकवतात. ते टेप लावलेले जोड पाण्यात असतात, आणि त्यांतून विजेचा धक्का बसू शकतो. पायवाट तयार असते म्हणून नाव तिथेच लावली जाते. नका लावू. केबल हाताने, वल्ह्याने किंवा लोखंडी दांड्याने उचलू नका, दुसरी जागा धरा.

थर्माकोल आणि काहील

गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची लेकरं थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेत जातात, हे २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचलं. खरा उपाय पूल किंवा चांगली नाव हाच, आणि तो मागत राहिलंच पाहिजे. तोवर जिथे नाइलाज आहे तिथे एवढं तरी करा: पाण्याचा पट्टा अरुंद असेल तर दोन्ही काठांवर पक्के खुंटे रोवून आडवा दोर बांधा आणि तो धरून तराफा न्या. नदीच्या वाहत्या पाण्यात हे करू नका. तराफा दगडी कडेवर आणू नका, थर्माकोल कोपऱ्यातून तुटतो. काही जण गुळाची काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई) नावेसारखी वापरतात; तिला तळ गोल असल्याने ती स्वतःभोवती फिरते आणि एक जण उभा राहिला की कलते, तिच्यात लेकरांना बसवू नका.

पक्की जेटी बांधून मोकळं होणं

निधी आला की सिमेंटची जेटी बांधायची ओढ असते. पाणी पंचवीस फूट खाली-वर होतं तिथे ती वर्षातले थोडेच दिवस कामाची. आपल्याकडे तरंगती जेटी हवी. कडक प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे एकमेकांना जोडून ती करतात. अर्धा मीटर लांब-रुंद ठोकळ्यांची अशी जेटी चौरस मीटरला साधारण साडेतीनशे किलो भार पेलते, आणि पाण्याबरोबर वर-खाली होते. ती काठाबरोबर पुढे-मागे ओढून नेता आली पाहिजे, म्हणून नांगराच्या साखळ्या आणि काठापर्यंतची फळी यांचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तिथे जलसंपदा विभागाबरोबर वन विभागाचीही परवानगी घ्या. आणि अर्जातच लिहा की पातळी बदलली की जेटी सरकवायचं, दर विसर्गानंतर साखळ्या आणि दोर तपासायचं काम कोणाकडे, आणि त्याला मजुरी कोण देणार.