कार्ब सायकलिंगमध्ये वजन अडकलं होतं, ते असं सुटलं

कार्ब सायकलिंग म्हणजे आठवड्यात काही दिवस जास्त कार्ब (कार्बोहायड्रेट, पिष्टमय पदार्थ) आणि काही दिवस कमी. लक्षण: जास्त कार्बच्या दिवसानंतर सकाळी काटा किलोभर वर, मग खाली, आणि महिनाभराची सरासरी जागच्या जागी.

आधी कमी कार्बचे दिवस वाढवले, मग त्या दिवशी कार्ब ५० ग्रॅमवर आणले. व्यायामात दम संपला, झोप बिघडली, वजन तिथेच. वैताग आला.

काम झालं ते या क्रमाने:

आधी मोजमाप. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ८० ग्रॅम कार्ब, तेवढ्याच शिजलेल्या भातात २८. कच्चं वजन करून आकडा शिजलेल्याचा धरला जात होता. म्हणजे दर १०० ग्रॅममागे २०० कॅलरी हिशेबाबाहेर. खरी गळती हीच.

मग ७० किलो वजनासाठी प्रथिनं रोज ११२ ग्रॅम, न बदलता. जड व्यायामाच्या तीन दिवशी कार्ब २२० ग्रॅम, फॅट ४० ग्रॅम. उरलेल्या चार दिवशी कार्ब १००, फॅट ७०. जास्त कार्बच्या दिवशी फॅट उतरवायचं बहुतेक जण विसरतात. आठवड्याची सरासरी साधारण १५७० कॅलरी पडते.

शेवटी काटा. साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरात साठवलेले कार्ब) सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलं जातं आणि जास्त कार्बनंतर काटा वर जातो, म्हणून सोमवारची तुलना फक्त मागच्या सोमवारशी. तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी उतरू लागली.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. कमी कार्बच्या दिवशी रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते.